मुलांना संध्याकाळी तासभर मैदान द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागात मी २९ वर्षं अंगणवाडी सेविका होते. बहुतेक आया विडी वळणाऱ्या. दर महिन्याला छताच्या हुकाला वजनकाटा टांगायचा, झोळीत लेकरू बसवायचं आणि त्याच्या रडण्याकडे कानाडोळा करून काट्यावर नजर ठेवायची. २०० ग्रॅम वाढले तरी आईचा चेहरा फुलायचा, माझाही. तक्त्यावर हिरवा, पिवळा, केशरी असे पट्टे. केशरीतलं मूल हिरव्यात आणायचं, एवढाच ध्यास होता. हिरव्याच्याही वर गेलेल्या मुलाचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

आता जुळे सोलापुरात मुलाकडे राहते आणि तोच प्रश्न रोज जिन्यात भेटतो. शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा कठडा धरून थांबतो. त्याच्या मानेमागे काळपट पट्टा आला होता. आई बिचारी मळ समजून खसाखसा घासायची. मी तिला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. वजन वाढलं की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्याची ती खूण असू शकते, हे तिला तिथं कळलं. घरी आल्यावर सगळ्यांनी तिलाच धारेवर धरलं: तूच लाडावून ठेवलंस.

मला बोलायचंय ते यावरच. मुलाचं वजन हा एकट्या आईचा गुन्हा नाही. संध्याकाळी त्या लेकरानं जायचं कुठं? खाली पार्किंग गाड्यांनी भरलेलं, रस्त्यावर रिक्षा-दुचाक्यांची रीघ, शाळेचं मैदान कुलपात. उन्हाळ्यात तर सहा-साडेसहापर्यंत बाहेर पाऊल टाकवत नाही. मग हातात मोबाइल आणि पाच रुपयांचा पुडा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं आपण कौतुकानं सांगतो आणि मुलांच्या डब्यात मैद्याच्या शेवया देतो. हे फक्त फ्लॅटमधलं दुखणं आहे असंही समजू नका. विडी कामगारांच्या घरीही तोच पुडा पोचलाय, कारण पोरगं गप्प करायला त्याहून स्वस्त काही मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झालं. आणि खुरटलेली मुलं? ती ३५ टक्क्यांच्या आसपास आहेत तशीच आहेत. एकाच गल्लीत दोन्ही दुखणी.

आमच्या सोसायटीत आम्ही बायकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून सुरुवात केली. एरवी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटतो, यंदा उड्या मारायच्या दोऱ्या लुटल्या. तिळगूळ वाटून झाल्यावर मी थंड पेयाची २५० मिलीची बाटली मधोमध ठेवली. लेबलवर १०० मिलीमागे साखर साधारण ११ ग्रॅम लिहिली होती. एकीला हिशेब करायला लावला आणि रिकाम्या पेल्यात साखर टाकत गेले. साडेपाच चमचे झाले, तळाशी चांगला दोन बोटं थर. कुणी काही बोललं नाही. पुढच्या वाढदिवसाला मात्र त्या घरी लिंबू सरबत, भाजलेल्या शेंगा आणि डाळिंबाचे दाणे होते. पोरांनी वाट्या चाटून पुसून रिकाम्या केल्या.

त्यानंतर गाड्यांचं. रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात पार्किंगचा अर्धा भाग मोकळा ठेवायचा असं ठरलं. कुरबुरी झाल्या, दोन घरं अजून रागावून आहेत. पण लगोरी, विषामृत, लंगडी पुन्हा सुरू झालीय. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमची मुलं तेवढी खेळतात आणि रात्री आपणहून भाकरी मागतात.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम केली नाही. वजनकाटा आणला नाही. शेजारच्या त्या मुलाला सगळे 'गोलू' म्हणायचे, म्हणून तो खालीच येत नव्हता. ते नाव बंद केलं, तेव्हा कुठं तो आला. पहिल्या दिवशी दोरीवरच्या तीन उड्यांत बसला. मागच्या आठवड्यात त्यानं मला मोजायला लावलं, बावीस झाल्या. मुलाला हिणवून त्याचं वजन उतरत नाही, ते आणखी घरात कोंडून घेतं. मोठ्यांनी जिभेला एवढा लगाम घालायलाच हवा.

पण एका पार्किंगनं शहर खेळत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. माझी नात जिथं शिकते तिथं शाळा सुटायच्या वेळी फाटकाला टेकून पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. त्या गरीब विक्रेत्याला हाकलून द्या असं मी म्हणत नाही. त्याच जागी त्यानं शेंगा, फुटाणे, पेरू विकावेत. पालकांनी महिनाभर तेवढंच घेतलं तर त्याचंही पोट भरेल.

महापालिका आणि शाळांच्या संस्थाचालकांना एकच विनंती. शाळा सुटल्यावर रिकामी पडणारी मैदानं आसपासच्या मुलांना संध्याकाळी तासभर खुली करा. आमच्याजवळच्या एका शाळेत विचारलं, तर "जबाबदारी कोण घेणार?" असं उत्तर मिळालं. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आमच्याकडे आहे. आमच्या भागातले सात निवृत्त आजी-आजोबा पाळीनं थांबायला तयार आहेत. किल्ली कुणाकडून घ्यायची तेवढं सांगा. फाटक आम्ही उघडू आणि सगळी पोरं घरी गेल्यावर कुलूपही आम्हीच लावू.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
जुळे सोलापूर