वाचनालयाचं दप्तर वेबसाईटवर बसवणाऱ्या सूनबाईस

चि. सौ. सूनबाई, अनेक आशीर्वाद.

घरच्या माणसाचे आभार मानू नयेत, असं तुझ्या सासूबाई म्हणतील. पण काम सार्वजनिक वाचनालयाचं झालंय, तेव्हा आभारही चारचौघांत मानायचे असं कार्यकारिणीत ठरलं आणि पत्र लिहायचं काम चिटणीस म्हणून माझ्याकडं आलं. नाव घालायचं नाही ही तुझी अट पाळतोय.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यांत खालच्या, वाचनालयात पुस्तकं बेताचीच असतात, कागदपत्रं मात्र रग्गड. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद तीत असते), वार्षिक अहवाल, तपासलेला जमाखर्च, सभांची इतिवृत्तं. आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून काय ते समजा. कपाटाच्या खालच्या खणांतल्या वह्यांचा लगदा झाला. वरच्या खणातलं जे वाचलं ते पुढं स्कॅन करून घेतलं, पण ते सगळं एका पेनड्राइव्हमध्ये आणि पेनड्राइव्ह ग्रंथपालांच्या खिशात. कुणाला जुना अहवाल बघायचा असला की आधी ग्रंथपाल शोधायचे.

तू गुगल साइट्सवर वाचनालयाचं पान उघडून दिलंस. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. पण कामाला हात घालायच्या आधी तू जे केलंस त्याचं मला जास्त अप्रूप. खातं तुझं वापरायला मी म्हणालो, सोपं पडेल म्हणून. तू म्हणालीस, "तात्या, उद्या माझी बदली झाली की तुमचं दप्तर माझ्याबरोबर जाईल." वाचनालयाच्या नावानं वेगळं खातं काढलंस. फुकटातली १५ जीबी जागा मेल, फोटो आणि फाइली यांना मिळून असते, त्यामुळं या खात्यावर कुणी लग्नाचे व्हिडिओ चढवायचे नाहीत, ही ताकीदही दिलीस. ती आमच्या खजिनदारांसाठी होती हे सगळ्यांना कळलं.

मग मुख्य गोष्ट समजावलीस, आणि ती मी आता इतर वाचनालयांच्या लोकांनाही सांगत असतो. पानात कागद दिसतो, पण तो पानात नसतो. तो राहतो ड्राइव्हमध्ये, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन कपाटात; पान ही नुसती खिडकी. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं. ड्राइव्हमधली फाइल पुसली तर खिडकी रिकामी. मूळ डॉक्युमेंटमध्ये तारीख दुरुस्त केली तर पानाला हात न लावता तिथंही दुरुस्त. आणि बघायची परवानगी पानावर देऊन भागत नाही, फाइललाच द्यावी लागते. शेअरमध्ये जाऊन ‘रिस्ट्रिक्टेड’चं ‘एनीवन विथ द लिंक’ करायचं आणि पुढं ‘व्ह्यूअर’च ठेवायचं. ‘एडिटर’ ठेवलं तर जमाखर्चात गावातला कुणीही दोन शून्यं वाढवील.

फाइल बसवणं त्यामानानं किरकोळ निघालं. उजवीकडच्या ‘इन्सर्ट’मधून ड्राइव्ह उघडायचं, फाइल निवडायची, चौकटीच्या कडेचे निळे ठिपके ओढून उंची वाढवायची. बाहेरची एखादी गोष्ट आणायची असेल तर ‘एम्बेड’मध्ये पत्ता किंवा कोड चिकटवायचा. पण खात्यात आपण स्वतः शिरलेले असलो की आपल्याला सगळंच दिसतं, म्हणून लोकांना काय दिसतं ते इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे ब्राउझरच्या खातं न उघडलेल्या खिडकीत, उघडून बघायचं, हा तुझा नियम सोन्यासारखा आहे. आता ग्रंथपाल प्रत्येक फाइल तशी उघडून बघतात.

मोबाईलवर चौकटीतली अक्षरं मुंगीएवढी दिसतात. गावात बघणारे बहुतेक मोबाईलवाले. म्हणून प्रत्येक चौकटीखाली ‘पूर्ण अहवाल उघडा’ असं वेगळं बटण तू ठेवलंस. साधी गोष्ट, पण ती सुचायला वापरणाऱ्याचा विचार लागतो.

पुस्तकांच्या यादीनं खरा घाम काढला. यादी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फाँटात टाइप करून घेतलेली. पीडीएफ केली की छान दिसते, कारण फाँट फाइलीतच बसलेला असतो. पण त्यात लेखकाचं नाव शोधायला गेलं तर काही सापडत नाही आणि कॉपी केलं तर भलतीच चिन्हं येतात. तू स्पष्ट सांगितलंस की दिसण्यापुरती यादी ठेवायची असेल तर पीडीएफ चालेल, शोधण्यासाठी हवी असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टाइप करा. इथं तू स्वतः टाइप करून दिली नाहीस, याचा मला तेव्हा थोडा राग आला होता. आता बारावीची चार पोरं सुट्टीच्या दिवशी बसून शीटमध्ये नोंदी भरतात. त्यांना पुस्तकंही कळायला लागली आणि लेखकांची नावंही. वाईच्या लेकीला, विश्वकोशाच्या गावात वाढलेलीला, नोंदींची चिकाटी शिकवावी लागत नसणार.

आणखी एक. सुधारलेली पीडीएफ नवी म्हणून चढवायची नाही, जुन्या फाइलवरच ‘मॅनेज व्हर्जन्स’मधून चढवायची, म्हणजे लिंक तीच राहते आणि पानावरची चौकट तुटत नाही. हे ग्रंथपालांनी पुठ्ठ्यावर लिहून कॉम्प्युटरशेजारी टांगलंय.

सभासदांची यादी पानावर टाकायची नाही म्हणून तू अध्यक्षांशी वाद घातलास, तेही इथं लिहायला हवं. नावं, घरचे पत्ते, मोबाईल नंबर, सगळं जगापुढं. अध्यक्षांचं म्हणणं, आपल्या गावात लपवण्यासारखं काय आहे? तू म्हणालीस, "लपवायचं नाही, पण वाटायचंही नाही." शेवटी फक्त सभासदसंख्या टाकली. गावात नव्या सुनेनं अध्यक्षांना असं तोंडावर सांगणं सोपं नव्हे, आणि अध्यक्षांनी ते ऐकलं याचं श्रेय त्यांनाही आहे.

पानावर आता जुने अहवाल, जमाखर्च आणि इतिवृत्तं आहेत. ओल लागलेल्या दाखल नोंदवहीची पानं अजून उलगडायची आहेत, चिकटलेली आहेत, ती सावकाश होतील. पुण्यात राहणाऱ्या एका गावकऱ्यानं परवा १९७८ च्या अहवालात वडलांचं नाव वाचून फोन केला होता, तो निरोप तुला द्यायचा राहिला होता.

तुझ्या आजीव सभासदत्वाची पावती फाडून ठेवली आहे. वर्गणी घ्यायची नाही असं ठरलंय आणि तसा ठराव इतिवृत्तात नोंदलाय, तेव्हा पैसे घेऊन येऊ नकोस. येताना पोराला आण, बालविभागात नवी पुस्तकं आली आहेत.

तुझे,
तात्या
(चिटणीस, सार्वजनिक वाचनालय)