पडूनही पहिला कसा?

मॉन्ट्रियल
रविवार

ती. नानाकाकांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. सोची ऑलिंपिकच्या फिगर स्केटिंगची जुनी फीत पाहून तुम्ही टाकलेला प्रश्न इथल्या प्रेक्षागारातही दर मोसमात कुणी ना कुणी टाकतंच: दोनदा बर्फावर आपटलेला पोरगा सोनं कसं घेऊन गेला? खाली तुमची पुस्ती आहेच, "मॅटवर बूट घालून खेळलेली कबड्डी मी सोसतो, पण तुमच्याकडचे जुने लोक हे कसं सोसतात?" आधी हिशेब सांगते, मग माणसं.

सोचीत, २०१४ साली, जपानच्या युझुरु हान्यूने शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, १०१.४५ घेतले होते. शॉर्टमध्ये शंभरी ओलांडणारा तो पहिलाच. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या लांब फेरीत, तो क्वाड साल्को (चार गिरक्यांची उडी) आणि ट्रिपल फ्लिप (तीन गिरक्यांची) यांवर पडला, पण मागून येणारा कॅनडाचा पॅट्रिक चॅनही चुकत गेला. शेवटी २८०.०९ विरुद्ध २७५.६२. म्हणजे पडला ते खरं, पण बाकीच्या पानावर जमा इतकी होती की दोन खर्च पचले.

एका उडीचा हिशेब पाहा. क्वाड लुट्झ म्हणजे हवेत चार गिरक्या. २०१८ पर्यंत तिची मूळ किंमत १३.६० होती. पडलात तर दर्जाचे (उडी किती चांगली झाली याचे) ४ वजा, पडण्याचा दंड १ वजा, हातात उरले ८.६०. त्याच वेळी साफ, नीटनेटक्या ट्रिपल लुट्झला ६.००. जुने प्रेक्षक यावरच संतापायचे, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. २०१८ मध्ये नियम फिरला. क्वाड लुट्झ ११.५० वर आणली, आणि दर्जाचे गुण उणे तीन ते अधिक तीन होते ते उणे पाच ते अधिक पाच केले, एकेक पायरी मूळ किमतीच्या दहा टक्क्यांची. आता पडलं की उणे पाच, म्हणजे निम्मी किंमत गेली: ५.७५. त्यातून दंडाचा १ गेला की ४.७५. साफ ट्रिपल लुट्झ ५.९०. म्हणजे तुमची तक्रार ऐकली गेलीय, फक्त अर्धवट. कारण साफ ट्रिपल साल्कोला आजही ४.३० च मिळतात आणि पडलेली क्वाड लुट्झ तिच्या वरच राहते.

हे ४.७५ सुद्धा गिरक्या पुऱ्या झाल्या असतील तरच. पाव गिरकीपेक्षा जास्त कमी पडली तर मूळ किंमत ८० टक्क्यांवर येते, आणि मग पडलेल्याच्या हाती ३.६० राहतात. अर्धी गिरकी कमी पडली तर उडी ट्रिपल धरतात, आणि ५.९० चे निम्मे वजा एक, १.९५. टीव्हीवर तिन्ही पडणी सारखीच दिसतात. फरक बर्फाला ब्लेड टेकलं त्या क्षणी ब्लेडचं तोंड कुठे होतं यात असतो. म्हणून स्केटर आपटला की नवखे हळहळतात आणि जुने पडद्यावरच्या फेरप्रक्षेपणाकडे बघतात.

आता माणसं. जुना प्रेक्षक बदलाला सरसकट विरोध करतो असं नाही. त्याने जे डोळ्यांनी वाचायला मेहनतीने शिकून घेतलं, ते एका ठरावाने रद्द झालं की तो चिडतो. तुमचंही तेच झालं. मातीत कुणाचा पाय कधी निसटणार हे तुम्हाला आधी कळायचं, आणि मॅटवर पाय निसटतच नाही.

इथले सगळ्यात जुने लोक फिगर्ससाठी हळहळतात. खेळाच्या नावात 'फिगर' आहे ती हीच, बर्फावर काढलेली आकृती. कोऱ्या बर्फावर इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, एकेका वर्तुळाचा व्यास स्केटरच्या उंचीच्या साधारण तिप्पट, एका पायावर एक वर्तुळ, आणि मग त्याच रेघेवरून पुन्हा, एकूण तीनदा. शाळेतला कित्ताच, फक्त पायाने गिरवायचा. स्केटचं ब्लेड म्हणजे सुरीची धार नव्हे. खालून त्याला पन्हळ असते, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन कडा होतात. शरीर कलतं असेल तर एकच कड टेकते आणि एकच रेघ उमटते. कल सुटला की दोन्ही कडा टेकतात आणि बर्फावर दोन समांतर रेघा दिसतात. मग परीक्षक बूट घालून बर्फावर यायचे, वाकून, कधी गुडघ्यावर बसून त्या रेघा तपासायचे. एके काळी निम्म्याहून जास्त गुण यालाच असत. १९७२ च्या सप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शूबा फ्री स्केटमध्ये सातवी आली आणि तरी सुवर्ण तिलाच, कारण फिगर्समध्ये तिने एवढी आघाडी घेतली होती. फ्री स्केट जिंकणारी अमेरिकेची जॅनेट लिन कांस्यावर थांबली. टीव्हीवाल्यांनी फिगर्स दाखवल्याच नव्हत्या, तेव्हा घरी बसलेल्याला काय कळणार? पुढच्याच वर्षी शॉर्ट प्रोग्रॅम आला, फिगर्सचं वजन उतरलं, आणि १९९० मध्ये आमच्याच देशात, हॅलिफॅक्सच्या जागतिक स्पर्धेत, त्या शेवटच्या झाल्या.

"फिगर्स गेल्या आणि कडा गेल्या" हे वाक्य अजून ऐकू येतं. मला ते निम्मंच पटतं. ब्रॅकेट, रॉकर, काउंटर, लूप ही फिगर्समधली वळणं आज स्टेप सिक्वेन्समध्ये, म्हणजे पावलांच्या सलग मालिकेत, मोजली जातात, तीही वेगात आणि संगीतावर. गेली ती शांतता, आणि रोज पहाटे एकाच वर्तुळावर घासत राहण्याची सक्ती. अमेरिकेत लेक प्लॅसिडला २०१५ मध्ये फक्त फिगर्सची स्पर्धा सुरू झाली, तीही काळ्या बर्फावर, रेघ उठून दिसावी म्हणून. हौसेला मोल नसतं.

त्यानंतरची पिढी ६.० वाली, म्हणजे सहापैकी गुण द्यायच्या काळातली. १९८४ ला सारायेवोत ब्रिटनच्या टॉर्विल आणि डीन या जोडीला कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० दिले, ती पाटी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पण या पद्धतीत ५.८ आणि ५.९ या आकड्यांना स्वतःची किंमत नव्हती. त्यातून प्रत्येक परीक्षकाचा क्रम काढायचा, बहुतेक परीक्षक ज्या क्रमावर येतील तो खरा. आधी खेळणाऱ्याला हात राखून गुण द्यावे लागत, मागच्यांसाठी वर जागा हवी म्हणून. मजा अशी की प्रेक्षकाला हिशेब तोंडी जमायचा. शॉर्टमधला क्रमांक गुणिले अर्धा, त्यात फ्रीमधला क्रमांक मिळवायचा, बेरीज कमी तो वर, बरोबरी झाली तर फ्रीमध्ये पुढे असलेला जिंकला.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधली बायकांच्या स्पर्धेची रात्र घ्या. सारा ह्यूज शॉर्टमध्ये चौथी, म्हणजे २. तिने फ्री जिंकलं: ३. मिशेल क्वान शॉर्टमध्ये पहिली, म्हणजे अर्धा, पण फ्रीमध्ये तिसरी: साडेतीन. इरिना स्लुत्स्काया दुसरी आणि दुसरी: १ अधिक २, तेही ३. बरोबरी, फ्रीमध्ये ह्यूज पुढे, सोनं ह्यूजला. शेवटच्या स्केटरचे आकडे पाटीवर येताच ज्यांना हे मनात जमलं ते ओरडले, बाकीचे त्यांच्याकडे बघून. आज दोन दशांश स्थळांच्या बेरजेत तो क्षण सापडत नाही, ही तक्रार मात्र मी बिनशर्त मान्य करते.

पण त्याच ऑलिंपिकमध्ये दहा दिवस आधी जोड्यांच्या स्पर्धेत रशियन जोडी ५ विरुद्ध ४ परीक्षकांनी जिंकली. फ्रेंच परीक्षक बाई म्हणाल्या की माझ्यावर दबाव होता, आणि मग कॅनडाच्या साले-पेल्टिए जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं. त्या पद्धतीत एका माणसाचा क्रम फिरवला की निकाल फिरायचा. २००४ मध्ये नवी गुणपद्धती मंजूर झाली, २००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा लागली. आता नऊ परीक्षक, प्रत्येक घटकाला वेगळे गुण, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण सोडून बाकी सातांची सरासरी. शिवाय वेगळं तांत्रिक मंडळ बसतं, ते उडी कोणती, पुरी झाली का अशा गोष्टी ठरवतं. यातला खरा आचरटपणा हा की लबाडी रोखायची म्हणून परीक्षकांची नावंच गुणांपासून तोडली. कुणी किती दिले हे कळेचना. जुन्या लोकांनी यावर वर्षानुवर्षं रान उठवलं. २०१६ मध्ये नावं परत आली.

गंमत म्हणजे नव्या पद्धतीतल्या एका गोष्टीवर सगळ्यात खूश जुनेच लोक आहेत: फ्लट्झ पकडला जातो. लुट्झ ही उडी डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवरून मागे सरकत घ्यायची, उजव्या पायाच्या ब्लेडच्या पुढच्या दातांनी ठोका मारून. त्या कडेचा ओढा एका बाजूला आणि गिरकी उलट्या बाजूला, म्हणून ती अवघड. बरेच जण शेवटच्या क्षणी घोटा आत पाडतात, कड आतली होते, आणि उडी फ्लिप होऊन बसते. फ्लिप अधिक लुट्झ, म्हणून फ्लट्झ. पूर्वी हे खपून जायचं. आता हळू गतीने पाहतात, प्रोटोकॉलवर, म्हणजे तपशीलवार गुणपत्रकावर, 'ई' पडतो आणि मूळ किंमत ८० टक्क्यांवर. जुने लोक वीस वर्षं हेच ओरडत होते.

उलट लेव्हलचा सोस त्यांना नको झालाय. एका जागी घेतलेल्या गिरकीला (स्पिनला) किंवा स्टेप सिक्वेन्सला चौथी, म्हणजे सगळ्यात अवघड लेव्हल हवी असेल तर ठरलेल्या अवघड गोष्टी भरायच्या. मग प्रत्येक जण त्याच भरतो. सुरुवातीच्या वर्षांत बायकांच्या स्पायरलमध्ये, म्हणजे एक पाय उंच उचलून सरकत जाण्यात, एकेक स्थिती तीन सेकंद धरायची होती. प्रेक्षक मनात एक, दोन, तीन मोजायचे आणि पाय डोक्यावर ओढलेल्या चोवीस मुली एकामागोमाग एक बघायचे.

नियमातली फट कुणी वापरली की मात्र प्रेक्षकांत दोन तट पडतात. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या उड्यांना दहा टक्के जास्त मिळायचे, पाय दमलेले असतात म्हणून. २०१८ ला प्याँगचँगमध्ये रशियाच्या अलिना झगितोव्हाने सगळ्याच उड्या उत्तरार्धात टाकल्या आणि तिच्याच देशाच्या मेदवेदेवाला २३९.५७ विरुद्ध २३८.२६ ने हरवलं. एक तट म्हणाला हुशारी, दुसरा म्हणाला पहिला अर्धा भाग नुसता हात हलवण्यात गेला. लगेच नियम आला: शॉर्टमध्ये शेवटची एक, फ्रीमध्ये शेवटच्या तीन, एवढ्याच उड्यांना वाढीव गुण. तुमच्याकडे तिसरी चढाई 'डू ऑर डाय' केली ना, रिकाम्या चढाया थांबवायला, त्याच जातीचं औषध.

वयाच्या नियमावर फारशी खळखळ झाली नाही. २०२२ च्या बीजिंगमध्ये रशियाच्या पंधरा वर्षांच्या कामिला वालियेवाच्या उत्तेजक चाचणीचं प्रकरण झालं. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने १०० विरुद्ध १६ मतांनी सीनियरचं किमान वय १५ वरून दोन टप्प्यांत १७ केलं. "आता मुलींच्या क्वाड संपल्या" म्हणून काही नवे प्रेक्षक हिरमुसले. जुन्यांनी जपानच्या काओरी साकामोटोकडे बोट दाखवलं. क्वाड नाही, साडेतीन गिरक्यांची ट्रिपल ॲक्सलही नाही, आणि २०२२, २०२३, २०२४ अशी लागोपाठ तीन जागतिक विजेतेपदं. तिची डबल ॲक्सल साधीच, पण रिंकच्या या टोकापासून त्या टोकाकडे जाते. ती टीव्हीवर कळत नाही, कॅमेरा तिच्यासोबत सरकतो म्हणून.

२०१४ पासून शब्द असलेली गाणी सगळ्यांना चालू झाली, २०२१ मध्ये 'लेडीज' जाऊन 'विमेन' आलं. त्यावरची कुरकुर विरून गेली. कोलांटउडीचं तसं नाही. १९७६ च्या ऑलिंपिकनंतर ती बंद होती. १९९८ ला नागानो ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या सुर्या बोनालीने ती मारून एका पायावर उतरून दाखवली आणि गुण गमावले. २०२४ मध्ये बंदी उठली. आता पोरं ती मारतात, प्रेक्षागार गरजतं, आणि जुने प्रेक्षक टाळ्या वाजवता वाजवता बोनालीचं नाव घेतात.

पुढची स्पर्धा लागली की एवढं करा. आवाज बंद ठेवा, समालोचक भलतीकडेच ओढतात. उडीपूर्वी डाव्या घोट्याकडे बघा, उतरल्यावर वेग टिकला की बर्फाची भुकटी उडाली ते बघा. अधिक चार किंवा पाच मिळवायला तीन गोष्टी असाव्याच लागतात: उंची आणि लांबी, उड्डाण आणि उतरणं चांगलं, आणि सगळं विनासायास. गुण लगेच बघू नका, आधी स्वतःचे लिहा. सोबत एका प्रोटोकॉलचं पान पाठवतेय. डावीकडे उडीचं नाव, मग मूळ किंमत, मग नऊ परीक्षकांचे नऊ आकडे. 'एक्स' दिसला तर ती उत्तरार्धातली वाढीव गुणांची उडी, 'क्यू' म्हणजे गिरकी नेमकी पाव कमी. चौथ्या ओळीवर मी पेन्सिलने खूण केलीय. तिथे एका परीक्षकाने अधिक तीन दिलेत आणि दुसऱ्याने उणे एक. दोघांनी काय पाहिलं असेल ते तुम्ही लिहून कळवा.

काकूंना नमस्कार. त्यांचा मेतकुटाचा डबा पोचला.

तुमची पुतणी