पुण्याला नाही, पंचवटीतच

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बोलले असते तर आई रडली असती, बाबा गप्प झाले असते आणि मी पुन्हा कच खाल्ली असती. म्हणून लिहितेय. डिपॉझिट भरून झालंय. तुम्हाला पुण्याला नेत नाहीये. आपल्या गल्लीपासून पाच मिनिटांवर, पंचवटीतच, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतलाय.

आत्या काय म्हणेल ते पाठ आहे मला. "पोरीला झेपत नाही." तसं नाही गं आई. म्हणजे थोडं तसंही असेल, आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो ते रात्री आठलाच उगवतो. पण खरं कारण म्हणजे तुझ्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचे ते तीन महिने. आमच्याकडे पुण्याला, अकराव्या मजल्यावर एसी होता, स्वयंपाकाला बाई होती. तरी बाबा सकाळचाच पेपर दुपारी पुन्हा वाचायचे. आणि तू कचऱ्याच्या गाडीची वाट बघत बाल्कनीत उभी, कारण त्या गाडीवरचा पोरगा तेवढा तुला "काय आजी" म्हणायचा. मी बघत होते, बोलले नाही.

बाबा, तुम्ही पुरावा मागणार, गणिताचे मास्तर ना. स्टीवन हॉबफॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1989 मध्ये मांडलंय की तब्येत, घर, ओळखीपाळखी, स्वतःवरचा भरवसा ही सगळी माणसाची पुंजीच. त्यातलं जे जातं ते मिळालेल्यापेक्षा मनाला जास्त लागतं, आणि एक गेलं की त्याच्यामागे दुसरंही सुटायला लागतं. अजून आकडे हवेत? 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र तपासले, तीन लाखांवर माणसांचे. ज्यांना माणसांचा आधार होता त्यांची जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली. गुरुवारचं भजन, भिशी, बुधवारच्या बाजारातली ती मेथीवाली, हे सगळं सोडवून तुम्हाला माझ्या अकराव्या मजल्यावर बसवू?

2008 चा पूर आठवा. मी पोचेपर्यंत शेजारच्या पोरांनी आपली बाजाची पेटी, धान्याचे डबे, देवसुद्धा वर नेऊन ठेवले होते. तेव्हा तुम्हाला मी नाही, गल्ली कामाला आली.

वाडा मात्र सोडायचा. श्रावणात बाबा त्या जिन्यावरून घसरले तेव्हाच ते ठरलं होतं, आपण तिघंही बोलत नव्हतो एवढंच. फ्लॅटला लिफ्ट आहे, वीज गेली तर जनरेटर आहे. देव्हारा पूर्वेला बसतो, मी मोजून आलेय. गॅलरीत तुळशीला सकाळचं ऊन मिळेल. झोपाळ्याला कड्या नाहीत, पण स्टँड करायला टाकलाय. बाथरूमला दांडा बसवून घेतलाय, त्याच्यावर टॉवेल वाळत घालायचा नाही. 2027 च्या सिंहस्थाच्या गर्दीत बाहेर पडणं झालं नाही तरी दारातच वाणी आहे आणि औषधाचं दुकानही.

आणि बाबा, बोटं वळत नाहीत म्हणून पेटी बंद करून ठेवलीत, ते मला पटलेलं नाही. आर्थर रुबिनस्टाइन हा मोठा पियानोवादक म्हातारपणी मोजक्याच रचना वाजवायचा, पण त्यांचा रियाज वाढवायचा. जलद भाग यायच्या आधी मुद्दाम लय उतरवायचा, मग पुढचं आपोआप वेगाचं वाटायचं. पॉल बाल्टेस हे मानसशास्त्रज्ञ म्हातारपण कसं निभवावं हे सांगताना त्याचंच उदाहरण देत. तुम्हीही दोनच अभंग धरा. विलंबितात वाजवा. भजनी मंडळ सांभाळून घेईल, इतकी वर्षं तुम्ही त्यांना सांभाळलंत.

परवा फ्लॅट बघून येताना गोदेच्या घाटावर थांबले होते. पूर आला की बाबा, तुम्ही मला खांद्यावर घेऊन विचारायचात, "पाणी कुठवर आलं?" आणि मी दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवून ओरडायचे, "कमरेपर्यंत!" मागून आई छत्री धरून, दोघांनाही ओरडत. मला खूप वेळ तिथून हलवेना.

आता ऐका. बीपीची गोळी चहाच्या आधी. फोन चार्ज करून उशाशी. आई, गुडघ्याला तेल रोज, आठवलं की नव्हे. भांड्यांतली अर्धी तरी वाटून टाक, पितळी घंगाळ ठेव. मे महिन्यात व्याख्यानमालेला दोघांनी मिळून जायचं, रिक्षाने. दर महिन्याचे दुसरे शनिवार-रविवार मी तिथेच, गादी माझ्यापुरती ठेवा.

शनिवारी टेम्पो घेऊन येतेय. तोवर माळ्यावर कुणीही चढायचं नाही. कुणीही म्हणजे बाबा.

तुमची,
ठकी