थंड व्हऊ दे म्हणणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. नमस्कार.

तुम्ही सुरतेला मुलाकडे राहायला गेलात त्याला आता दीड वर्ष होईल. फोनवर आपलं बोलणं होतं, पण ते सगळं तुमचे गुडघे, नातवाची शाळा आणि तिकडे भरताची वांगी आपल्यासारखी मिळत नाहीत यातच संपतं. आभाराचा शब्द काढला की तुम्ही ‘ठेव, दूध उतू चाललं’ म्हणून फोन ठेवून देता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. माझे केस बघून ज्या ज्या बायकांनी ‘कुठल्या पार्लरमधून सेट केलेस गं?’ म्हणून विचारलं, त्यांनाही कळू दे की हे धुळ्यातल्या देवपूरच्या आपल्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी शिकवलं.

तीन वर्षांपूर्वीची ती मे महिन्यातली सकाळ. भाचीची हळद होती. नऊ वाजले नव्हते तर उन्हाने अंगाची काहिली होत होती. मी पहिल्यांदाच कर्लिंग रॉड विकत घेतला होता. न्हाऊन आले, टॉवेलने केस टिपले न टिपले आणि तशीच आरशासमोर बसले. रॉडचा आकडा वर वर नेत शेवटच्या २३० अंशांवर नेऊन ठेवला. जितका गरम तितकं लवकर होईल, एवढाच हिशेब. पहिली बट गुंडाळली तर चर्र आवाज झाला, वाफ निघाली. मला वाटलं, वाफ निघतेय म्हणजे काम होतंय. मग वास आला. रॉड सोडवला तेव्हा कानाजवळची बट रॉडसोबतच हातात आली.

तुम्ही पापडांचं ताट घेऊन गच्चीवर निघाला होतात. वास आला म्हणून दारात थांबलात. ‘काय करी राह्यनी वं माय?’ मी रडत होते, मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही ताट खाली ठेवलं आणि आधी प्लग काढला. एका शब्दाने रागावला नाहीत. तुटलेल्या बटेचं टोक दोन बोटांत धरून चोळून पाहिलंत. ते भुशासारखं झालं होतं. ‘हे गेलं ते गेलं. बाकीचे वाचवू,’ म्हणालात, आणि मला पंख्याखाली बसवलंत.

काकू, माझ्या केसांबद्दल तोवर कुणी धड बोललं नव्हतं. ना सरळ, ना कुरळे. लहानपणी आई तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालायची, म्हणजे झिपऱ्या दिसू नयेत. कॉलेजात मी रोज स्ट्रेटनर फिरवायचे. नोकरी लागल्यावर अंबाडा बांधून विषयच मिटवला. तुम्ही ते केस हातात घेतलेत, मुळापासून टोकापर्यंत बोटं फिरवलीत, बट कुठे वळते तिथे थांबलात आणि म्हणालात, ‘तुना केस चांगला शेतस. लहर त्यास्ना अंगमाच शे.’ तुझे केस चांगले आहेत, लहर त्यांच्या अंगातच आहे. पस्तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं होतं.

पंख्याखाली वरचे केस पंधरा मिनिटांत वाळले. मी उठायला गेले तर तुम्ही मानेपाशी आणि कानामागे हात घातलात. तिथे अजून ओल होती. वरून वाळले म्हणजे वाळले नाहीत, हे तेव्हा कळलं. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पाणी १०० अंशाला उकळतं हे दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण केसाच्या आतही पाणी असतं, आणि २०० अंशांच्या पुढचा रॉड लावला की त्याची तिथल्या तिथे वाफ होऊन केसाच्या आत बुडबुडे धरतात, केस फुगून तुटतो, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. तुम्ही हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. बावीस वर्षं पार्लर चालवताना बायकांच्या केसांत पाहिलेलं होतं.

केस वाळेपर्यंत तुम्ही पाण्याचं बोललात. आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याचे क्षार केसांवर बसतात, केस राठ होतात, राठ केसाला लहर नीट धरत नाही. म्हणून शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्यायचा. आणि तेल लावलेल्या केसांना रॉड लावायचा नाही. तेल तापून धूर निघतो, केस तळल्यासारखा होतो. मी तर मुद्दाम खोबरेल लावणार होते, केस सांभाळले जातील म्हणून! त्याऐवजी हीट प्रोटेक्टंटचा स्प्रे वीतभर लांबून मारायचा, कंगवा फिरवायचा आणि तो वाळू द्यायचा. तो उष्णता अडवत नाही, तिला केसापर्यंत पोचायला थोडा वेळ लावतो, एवढंच. म्हणून स्प्रे मारला तरी आकडा वाढवायचा नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

आकड्याची गोष्ट तर मी वर्गात सांगते. कपाळाजवळच्या बारीक केसांना १५०, मागच्या जाड केसांना १७० ते १८०, त्यावर नाही. पण आकड्यावरही तुमचा पुरता विश्वास नव्हता. रॉडमध्ये टिश्यू पेपर दाबून धरलात. कागद पिवळा पडला तर केस धरायचा नाही. तुम्ही काम शिकलात तेव्हा चिमटा शेगडीवर तापवायचा आणि जुन्या वर्तमानपत्रावर दाबून बघायचा, असं तुम्ही सांगितलंत. नंतर मी वाचलं की १८७०च्या दशकात पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो नावाच्या केशरचनाकाराने तापवलेल्या चिमट्यानेच केसांना लहरी पाडल्या, आणि त्या लहरींना त्याचंच नाव पडलं. तेव्हा मला पॅरिसच्या आधी तुमची शेगडी आठवली. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मातीच्या खापरावर पुरणाची पोळी टाकण्याआधी तुम्ही तळहात वर धरून ताव बघता, तोही आठवला. तोच हात.

मग तुम्ही रॉड माझ्या हातात दिलात. हे मी कधी विसरणार नाही. घाईचा दिवस, खाली रिक्षा उभी, तुम्ही दहा मिनिटांत सगळे केस करून दिले असते. तरी म्हणालात, ‘तूच कर, मी बघते.’

बोटभर रुंद बट घ्यायची. रॉड उभा धरायचा. मुळापासून दोन बोटं जागा सोडायची, टोकाची दोन बोटं मोकळी ठेवायची. टोकापर्यंत गुंडाळलं की लहर जाऊन लग्नातल्या बाहुलीचे गोल कुरळे होतात. बट आपसूक जिकडे वळते तिकडेच गुंडाळायची, उलट नाही. चेहऱ्याजवळच्या दोन्ही बाजूंच्या बटा मात्र चेहऱ्यापासून मागे. पाठीमागे एक बट इकडे, एक तिकडे, म्हणजे दोन्ही मिळून एक जाड दोरी होत नाही. सात-आठ सेकंद मोजायचे, तेही मनात नाही, तोंडाने. आणि रॉड ओढून काढायचा नाही, सैल करून खाली सरकवायचा. सगळे केस करायचे नाहीत. वरच्या थराच्या दहा-बारा बटा पुरतात, खालच्यांना त्यांची स्वतःची लहर असते. रॉड गादीवर ठेवायला गेले तर तुम्ही स्टीलचं ताट पुढे केलंत. मध्येच लाइट गेली तेव्हा, ‘प्लग काढ, लाइट आल्यावर तसाच तापत बसेल,’ म्हणालात. तेव्हापासून आमच्या घरात इस्त्रीलाही हाच नियम आहे.

पहिली बट रॉडवरून उतरली. सुंदर गोल झाली होती. मी लगेच ती मोकळी करायला हात घातला, आणि तुम्ही माझ्या हातावर हलकेच चापट मारलीत.

‘कितली घाई करस! थंड व्हऊ दे. आते हात नको लावू.’

गरम बट तुम्ही तळहातावर गुंडाळीसारखी धरलीत आणि डोक्याशी क्लिपने अडकवलीत. मग दुसरी, मग तिसरी. बारा बटा क्लिपांत अडकवून मी पंधरा मिनिटं पंख्याखाली बसले. मला वाटत होतं, रॉडने काम केलं, आता नुसतं थांबणं आहे. खरं काम त्या पंधरा मिनिटांत होत होतं. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यात त्याचा आकार धरून ठेवणारे असंख्य बारीक हायड्रोजन बंध असतात, ते उष्णतेने सुटतात आणि केस गार होताना, तो ज्या आकारात असेल त्या आकारात, पुन्हा जुळतात. गुळाचा पाक तापलेला असताना वड्या पडत नाहीत, गार होताना पडतात, तसंच. गरम बट मोकळी केली की बंध सैल असतानाच ती आपल्या वजनाने उलगडते, आणि बायका म्हणतात माझ्या केसांत कर्ल टिकतच नाहीत. टिकतात. गार होऊ दिलं की टिकतात. दुसरे जे घट्ट गंधकाचे बंध असतात, त्यांना एवढ्या तावाचा रॉड हातही लावत नाही. ते पार्लरमधल्या रसायनांनीच बदलतात. म्हणून पुढच्या न्हाण्याला रॉडची लहर उतरते आणि आपली मूळची परत येते. मला यात केवढा दिलासा वाटला म्हणून सांगू! काहीच कायमचं मोडलेलं नव्हतं, त्या एका बटेखेरीज.

त्या पंधरा मिनिटांत तुम्ही तुमच्या पार्लरच्या गोष्टी सांगितल्यात. लग्नसराईत एका दिवसात पाच पाच नवऱ्या, जेवायला वेळ नाही, बोटांना भाजल्याचे डाग. बोलता बोलता म्हणालात की इतक्या जणींचे केस केले, पण तुमच्या केसांना कुणी कधी रॉड लावला नाही. लावायला होतंच कोण! तुम्ही हे सहज म्हणालात आणि पापड बघायला गच्चीवर गेलात. मी ते वाक्य धरून ठेवलं आहे.

खाली आलात तेव्हा क्लिपा काढल्यात, कंगवा बाजूला ठेवलात, मला वाकायला लावून केसांतून नुसती बोटं फिरवलीत, आणि दोन थेंब सीरम तळव्यांवर चोळून फक्त टोकांना लावलंत. भांग उजवीकडून डावीकडे नेलात, म्हणजे तुटलेली बट झाकली गेली. हळदीच्या त्या फोटोंत मी पहिल्यांदा केस मोकळे सोडून हसते आहे. पैशाचं विचारलं तर तुम्ही म्हणालात, रोज फिरवू नको, आठवड्यातून एकदा, हेच माझे पैसे. मी पाळते, काकू. इतर दिवशी रात्री दोन सैल वेण्या घालते, सकाळी सोडते. बिनतापाची लहर मिळते.

श्रावणात आपली खानदेशची देवी कानबाई बसली तेव्हा पाऊस लागून राहिला होता आणि माझी लहर आरतीआधीच सैल पडली. मी सुरतेला फोन केला होता, आठवतं? दमट हवेतलं पाणी ते बंध पुन्हा सोडवतं, हे मला ठाऊक होतं, पण करायचं काय ते तुम्ही सांगितलंत: बट बारीक घे, क्लिपेत दुप्पट वेळ ठेव, आणि पुढच्या बटा मागे घेऊन गजऱ्यात अडकव, म्हणजे सैल पडल्या तरी शोभतात. शोभल्या.

जळलेली ती बट महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढत वाढत आता खांद्याखाली आली आहे. न्हाल्यावर तिला रॉडशिवायच वळण पडतं.

आखाजीला तुम्ही येणार आहात, असं तुमच्या सूनबाईंनी सांगितलं. खापर मी माळ्यावरून काढून धुऊन ठेवलं आहे. आमरस माझ्याकडे, पोळ्या तुमच्याकडे. पण त्याआधी एक तास माझा. तुमचे केस पांढरे आहेत, आणि पांढऱ्या केसांना जास्त ताव लागला की पिवळी झाक येते, म्हणून १३० च्या वर नेणार नाही. आधी कागद लावून बघेन. तुमचा अंबाडा सोडून मानेपाशी हात घालून ओल बघेन. बटा क्लिपांत अडकवून पंख्याखाली बसवेन, आणि तुम्ही कितीही घाई केलीत, पुरण करपेल म्हणालात, तरी गार होईपर्यंत उठू देणार नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची