काट्यावर वजन तेवढंच आहे

तासगाव,
शुक्रवार

प्रिय सुन्या,

हे फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहितोय. परवा जेवणं झाल्यावर आबांनी पाटावरून उठायला माझ्याकडं हात मागितला. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, 71 वर्षांचा माणूस, त्यात काय एवढं? तुला कळेल. तालमीत आपल्या दोघांची मानगूट धरून बैठका काढायला लावणारे आबा ते!

बाकी आम्ही सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच.

श्रावणात आबांना चिकुनगुनिया झाला, हे तुला माहीतच आहे. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे असे धरले की माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला. मधे वजन घटलं होतं. नवरात्रात शेडमधल्या बेदाण्याच्या काट्यावर उभं केलं तर 62 किलो, आजारापूर्वी होतं तेवढंच. आई खूश, मामा खूश. डॉक्टरही म्हणाले, "भरून आलं की, आता कसली काळजी?" मला तिथंच खटकलं. विजार पोटावर काचत होती आणि मांड्यांवर नुसती लोंबत होती. वजन आलं ते चरबीचं, मांस गेलं ते परत आलंच नाही.

मग वाचत बसलो. बेडकाचं पोट फाडताना वर्गाबाहेर पळालेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे कठीणच, तरी ऐक. विषाणूशी झुंजताना शरीरात दाहाची जी रसायनं सुटतात, ती स्नायूंतली प्रथिनं मोडायला लावतात. यकृताला संरक्षणाची प्रथिनं बनवायची असतात, त्याचा कच्चा माल मांड्यांतून आणि दंडांतून उचलला जातो. शिवाय ताप एक अंश सेल्सिअसनं चढला की शरीराचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. त्यात अंथरुणाची भर. अमेरिकेतल्या एका प्रयोगात, 2007 साली छापून आला तो, धडधाकट म्हाताऱ्या माणसांना कसलाही आजार नसताना 10 दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर पायांतलं जवळजवळ किलोभर मांस गेलं. आबा तर तापाने भाजून निघालेले, आणि दहा दिवस नाही, महिनाभर पडून! तरण्या पोराचं भरून येतं रे. उतारवयात तेवढ्याच जेवणावर स्नायू तसा बनत नाही, चरबी मात्र झपाट्यानं परत येते. आणि आपल्याकडं आजाऱ्याला देतात काय? भाताची पेज आणि साबुदाणा. डाळ जड, दूध कफकारक, हे काकींचं शास्त्र तुला पाठच आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांचं तर वाचून मी थक्क झालो. 2004 मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिननी स्वतःचाच, दोघांचा मिळून फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तंतोतंत 22.3. चरबी मात्र युडकिनच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2! आठवतंय का, कुंडलच्या मैदानावरून येताना आपलं भांडण झालं होतं? पैलवान वजनावर ठरतो म्हणायचास तू, आणि मी म्हणायचो मांडीवर. किती दिवस अबोला धरलास! मी अजून मांडीवरच ठाम आहे.

आबांच्या पोटरीला टेप लावली. आशियातल्या तज्ज्ञांनी 2019 साली पुरुषांसाठी 34 सेंटिमीटरची खूण ठरवली आहे, त्याखाली गेलं तर स्नायू कमी असल्याचा संशय घ्यायचा. आबांची 31 भरली. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाचदा उठून बसायला 12 सेकंदांच्या आत जमावं म्हणतात. तिसऱ्यालाच त्यांनी हात टेकले, आणि टेप माझ्या अंगावर भिरकावली. "जनावरांचा बाजार मांडलाय व्हय?"

खाण्याचं जमवलंय. किडनीची तपासणी आधी करून घेतली, ती नीट आहे. त्यांच्या वजनाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं हवीत. माळकरी, त्यामुळे अंड्याचं नाव काढायची सोय नाही. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरीबरोबर घट्ट वरण नि शेंगदाण्याची चटणी, रात्री दूध. आई कुरकुरते, पण करते.

अडलंय ते व्यायामावर. नुसतं खाऊन मांस धरत नाही, स्नायूला ओझं लागतं. सांधे सोसतील तेवढ्या, खुर्चीला धरून बैठका काढा म्हटलं तर म्हणतात, "लोकं बघतील. वय झालं आता." सुन्या, आषाढात हा माणूस खताचं पोतं पाठीवर घेत होता. वय काय दोन-तीन महिन्यांत होतं? हे आजारानं नेलंय. आणि घरातले सगळे वय-वय करून त्यांना बसवून ठेवायला निघालेत, त्याचाच मला संताप येतो. त्यांचं म्हातारपण अजून यायचंय, ते आताच त्यांच्या अंगावर कशाला टाकायचं?

माझं ते ऐकत नाहीत. तुझं ऐकतील, तू त्यांचा पठ्ठ्या. या रविवारी सकाळी फोन कर. मी लिहिल्याचं बोलू नकोस. आधी पुढच्या वारीचं काढ, तिथंच जीव अडकलाय त्यांचा. मग आळंदी ते पंढरपूर चालायला मांड्या लागतात, हे तुझ्या तोंडून येऊ दे. रोज किती बैठका झाल्या ते मला कळवा म्हणावं, नाहीतर दिवाळीला येऊन स्वतः मोजतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. चिनूची दहावी ना यंदा? तिला सांग, गणिताला घाबरू नकोस. छाटणी उरकतच आलीय, दिवाळीला आलास तर मुक्कामाला ये.

तुझाच,
दिलीप