आर्लहून पत्र, आईच्या गुडघ्यांचा हिशोब धरून

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं की आईचं "जेवलीस का" येतं, मग बाबा मागून "थंडी किती आहे तिकडं" विचारतात, मग नेटवर्क जातं आणि मूळ गोष्ट राहूनच जाते, म्हणून यावेळी सरळ पत्र लिहितेय. दादाला मेल करते, तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. बाबा, डॉक्टरांनी मोबाईल बघू नका सांगितलंय ना, तर ऑपरेशन झालेला डोळा चोळायचा नाही आणि हे आईकडनं वाचून घ्यायचं.

तर मी दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला जाऊन आले. लिऑनहून ट्रेनने पावणेतीन तास लागले साधारण, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघाले ते रविवारी रात्री परत. नकाशा काढा बाबा, ऱ्होन नदी लिऑनवरनं सरळ खाली दक्षिणेला येते आणि समुद्राला मिळायच्या आधी तिला दोन फाटे फुटतात, बरोब्बर त्या फाट्यापाशी हे गाव आहे. गावच म्हणायचं, सांगलीपुढं काहीच नाही, पण अख्खं दोन हजार वर्षांचं सामान तिथं अजून वापरात आहे. १९८१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ज्युलियस सीझरचं मार्सेय शहराशी वाजलं तेव्हा आर्लच्या लोकांनी त्याला १२ लढाऊ जहाजं बांधून दिली, ती पण झाडं तोडल्यापासून ३० दिवसांत. (बाबा म्हणणार, टेंडर काढलं नसणार.) त्याची परतफेड म्हणून इसवी सनापूर्वी ४६ मध्ये सीझरने आपल्या निवृत्त सैनिकांना इथं जमिनी दिल्या, आणि गावाचं नशीबच फिरलं. पेन्शनरांची कॉलनीच की ही एक प्रकारे.

सगळ्यात आधी अरेना बघितला, म्हणजे रोमन लोकांचं स्टेडियम. साधारण इसवी सन ९० मधलं, एकावर एक दोन मजले आणि प्रत्येक मजल्यावर ६० कमानी, वीस हजार माणूस बसायचं. फोटोत रोमच्या कलोसियमसारखंच दिसतं म्हणून मी फार काही अपेक्षा ठेवली नव्हती, पण आत गेल्यावर जे कळलं ते मला इतकं आवडलं की त्या दगडावर बसून राहिले बराच वेळ. रोमन राज्य बुडाल्यावर सगळीकडं लुटालूट सुरू झाली तेव्हा लोकांनी काय केलं, तर या स्टेडियमच्याच कमानी बुजवून टाकल्या, वर चार मनोरे चढवले आणि आत राहायला गेले! अख्खं गाव आत. पुढं वाढत वाढत दोनशेच्या वर घरं झाली, दोन छोटी चर्चं, गल्ल्या, सगळं त्या अंडाकृती भिंतीच्या आत. आणि हे थोडी वर्षं नाही, शेकडो वर्षं चाललं. १८२५ पासून सरकारने घरं पाडायला घेतली आणि मधलं मैदान मोकळं केलं. मनोरे तीन राहिलेत, एकावर चढू देतात.

मी विचार करत होते, त्या लोकांना काय वाटलं असेल, आज्या-पणज्या ज्या कमानीत बाळंत झाल्या तिथून उठा म्हणे, हे जुनं स्मारक आहे. आपला वाडा बिल्डरला दिला तेव्हा आजी उंबऱ्यावर जाऊन बसली होती ते आठवलं. इथं उलटं झालं, नवं बांधायला नाही तर जुनं दिसावं म्हणून घरं पाडली. चूक की बरोबर मला ठरवता येईना. पण एक खरं, ती माणसं आत राहिली म्हणून भिंत टिकली, नाहीतर दगड कधीच गावभर वाटले गेले असते.

आता आई, तुझ्या गुडघ्यांचं. मी सगळीकडं तुझे गुडघे बरोबर घेऊनच फिरले बघ. अरेनात बसायच्या पायऱ्या उंच आहेत, त्या चढायच्या नाहीत. मनोरा तर नाहीच नाही, मी मोजायला घेतल्या पायऱ्या आणि चाळिसाच्या पुढं धाप लागून आकडा विसरले. पण खालच्या कमानीतनं चालता येतं, सावली असते. तू तिथं टेकायचं, आम्ही वर जाऊन हात हलवू.

आणि हो, तिथं अजून बैलांचे खेळ होतात. स्पेनसारखी बैल मारायची झुंजसुद्धा होते, ती मला बघायची पण नाही, पण त्यांचा स्वतःचा एक खेळ आहे ज्यात बैलाला इजा करत नाहीत, शिंगांना बांधलेल्या दोऱ्या-फुंद्या पळत जाऊन ओढून काढायच्या आणि उडी मारून कठड्यापलीकडं जायचं. पोस्टरवर बैलाचं नाव मोठ्या अक्षरात असतं, माणसांची बारीक. तुमच्या शर्यतवाल्या मित्रांना सांगा, लगेच पासपोर्ट काढतील.

शेजारीच रोमन नाट्यगृह आहे, त्याचे दोनच उंच खांब उभे राहिलेत, त्यांना इथले लोक दोन विधवा म्हणतात. बाकीचा दगड गावाने नेला. १६५१ मध्ये तिथं खणताना व्हीनसची मूर्ती सापडली, हात तुटलेली, ती राजा चौदाव्या लुईला दिली आणि त्याच्या शिल्पकाराने नवे हात बसवून दिले, एका हातात सफरचंद! आता ती पॅरिसला लुव्रमध्ये आहे. चांगलं काही निघालं की राजधानीत जाणार, हे सगळीकडं सारखंच.

बाबा, हा भाग खास तुमच्यासाठी. नगरपालिकेच्या इमारतीत शिरलं की डोक्यावर दगडी छत आहे, सतराव्या शतकातलं, आणि ते जवळपास सपाट आहे. घुमट नाही, कमान पण दिसेल न दिसेल इतकी. प्रत्येक चिरा असा तिरका कापलाय की तो शेजारच्याला दाबून धरतो आणि सगळं वजन कडेच्या खांबांवर नि भिंतींवर जातं. जुन्या काळी फ्रान्सभरचे शिकाऊ गवंडी हे छत बघायला मुद्दाम यायचे म्हणे. मी मान वर करून उभी, तर एक आजोबा पण तसेच उभे, आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो आणि पुन्हा वर. तुम्ही असता तर पाटबंधारे खात्यातले सगळे किस्से तिथंच सुरू झाले असते.

त्याच इमारतीतनं जिना खाली जातो जमिनीखालच्या बोगद्यांत. रोमन लोकांना वर मोठा चौक पाहिजे होता पण जमीन उताराची, मग त्यांनी उताराकडच्या बाजूला खाली दुहेरी कमानींच्या लांबच लांब खोल्या बांधल्या, इंग्रजी यू सारख्या आकारात, आणि त्यावर चौक सपाट केला. भराव टाकला नाही, कमानी टाकल्या! खाली ओल आहे, अंधार आहे, टपटप पाणी पडतं, मी एकटीच होते आणि खरं सांगायचं तर पाच मिनिटांत पळाले वर. वरच्या त्या चौकाचा आता थोडाच भाग उरलाय, पण तिथल्या एका हॉटेलच्या भिंतीत रोमन देवळाचे दोन खांब तसेच चिणलेत, नक्षीसकट. शेजारी टेबलं मांडून लोक कॉफी पितायत, कुणी मान वर करत नाही.

आईसाठी चर्च. सँ त्रोफीम नाव, दार बाराव्या शतकातलं. मध्ये येशू बसलाय, भोवती माणूस, सिंह, बैल, गरुड. एका बाजूला पुण्यवान लोक अंगभर कपड्यात रांगेत, दुसऱ्या बाजूला पापी लोक उघडे, एकाच साखळीला बांधलेले, पायाखाली ज्वाळा. लहानपणी भिंतीवर टांगलेला यमलोकाचा तक्ता आठवतो का, खोटं बोलणाऱ्याला काय, दूध नासवणाऱ्याला काय? सेम टू सेम, फक्त दगडात. मला त्यातला एक पापी फार आवडला, तो पुढच्याच्या खांद्यावरनं वाकून बघतोय, पुढं नक्की काय चाललंय म्हणून. नरकाच्या रांगेत पण चौकशी! दारापुढं थोड्या पायऱ्या आहेत पण हळूहळू जमतील. मागं चौकोनी अंगण आहे, भोवती खांबांची पडवी, दोन बाजू जुन्या गोल कमानींच्या आणि दोन बाजू नंतरच्या टोकदार. तिथं अर्धा दिवस बसलं तरी चालेल. जपमाळ घेऊन ये.

जेवणाची मात्र फजिती झाली. शनिवारी सकाळी मोठा बाजार भरतो, मैलभर पसरलेला वाटतो, ऑलिव्ह किती प्रकारचे, चीज, लसणाच्या माळा, साबण, मी त्यात अशी हरवले की जेवायचं विसरले आणि हॉटेलात पोचले दोन वाजून दहा मिनिटांनी. स्वयंपाकघर बंद! दोन म्हणजे दोन. बाई अतिशय गोड हसून नाही म्हणाली. बाजारात काळ्या ऑलिव्हची चटणी घेतली होती, म्हटलं पावाला लावून खाऊ, तर विकणाऱ्याने पुन्हा विचारल्यावर सांगितलं त्यात मासा असतो बारीक वाटलेला. ती एका पोरीला देऊन टाकली. शेवटी नदीच्या कट्ट्यावर बसून गरम पाव आणि पर्समधली तुझी शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आई, चिडू नकोस, पोट भरलं. आणि काय लागली म्हणून सांगू.

ऱ्होन बघून बाबांची फार आठवण आली. काठाला उंच दगडी भिंत आहे आणि २००३ च्या डिसेंबरमध्ये इथं पण महापूर आला होता, गावाच्या उत्तरेकडच्या वस्तीत पाणी शिरलं होतं. मला लगेच तुम्ही दिसलात, सांगलीच्या आयर्विन पुलावर छत्री घेऊन, पट्टीवर पाणी कुठं आलंय ते बघत आणि घरी फोन करून "गॅस सिलिंडर माळ्यावर टाका" सांगत. याच नदीच्या गाळातनं २००४ मध्ये एक रोमन नाव सापडली, ३१ मीटर लांब, सपाट तळाची. २०११ मध्ये तुकडे करून वर काढली, लाकूड टिकवायची प्रक्रिया केली आणि आता म्युझियममध्ये उभी आहे, ज्या दगडांच्या ओझ्यासकट बुडाली ते दगड पण आत. मला त्यात सगळ्यात जवळचं काय वाटलं माहितीय? नावेच्या मागच्या टोकाला खलाशांची चूल. मोठा फुटका रांजण, त्याचाच बुडाचा भाग चूल म्हणून वापरलेला. फुटकं टाकायचं नाही, वापरायचं. आई, तुझ्या फुटक्या बादलीतल्या तुळशीला नमस्कार.

व्हॅन गॉगचं सांगायचं राहिलं. तो १८८८ च्या फेब्रुवारीत इथं आला, सव्वा वर्षच राहिला आणि दोनशेच्या आसपास चित्रं काढली, स्वतःचा कान कापून घेतल्याचं प्रकरण पण इथलंच. ज्या पिवळ्या घरात राहायचा ते १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. हॉस्पिटलचं अंगण मात्र त्याच्या चित्रात बघून तशीच फुलं लावून ठेवलंय.

पण मला त्याच्यापेक्षा झान काल्मां आवडल्या. याच गावच्या आजी, १८७५ ला जन्म आणि १९९७ ला गेल्या, १२२ वर्षं! इतकं जगल्याची कागदोपत्री नोंद असलेलं दुसरं माणूस नाही. गंमत अशी, त्या नव्वदीत असताना एका वकिलाने त्यांचा फ्लॅट घेतला, पद्धत अशी की म्हातारं माणूस जिवंत आहे तोवर दर महिन्याला ठराविक पैसे द्यायचे आणि नंतर घर आपलं. वकील ४७ वर्षांचा, त्याला वाटलं असणार स्वस्तात पडलं. दर महिना २५०० फ्रँक देत देत तीस वर्षं गेली, १९९५ मध्ये वकीलच वारला, आणि पुढं त्याच्या घरच्यांना हप्ते भरावे लागले. बाबा, हे वाचून हसत बसू नका, प्रेशरची गोळी घ्या.

तर ठरलं, तुम्ही मे मध्ये यायचं. उन्हाळ्यात भट्टी असते आणि थंडीत उत्तरेकडनं मिस्ट्राल नावाचा वारा येतो, तसा तो कधीही येतो म्हणा, माझी ओढणी अरेनाच्या पलीकडं गेली ती गेलीच. या भागातल्या जुन्या शेतघरांना उत्तरेला खिडकीच नसते त्या वाऱ्यामुळं. कानटोपी आणा, लाजायचं नाही. आईने नवीन बूट घेऊन आत्तापासून घालायला सुरुवात करावी, रस्ते गोट्यांचे आहेत. पासपोर्ट लोखंडी कपाटात एलआयसीच्या फायलीखाली आहेत, तारीख बघून दादाला सांगा.

आणि एक राहिलं. आर्लच्या खाली कामार्ग म्हणून दलदलीचा मुलूख आहे, तिथं चक्क भात पिकतो, मी लाल तांदूळ घेऊन आलेय एक किलो. काल कुकरला चार शिट्ट्या केल्या तरी दाताखाली कचकच लागतोय. रात्रभर भिजत घालू का नुसत्या शिट्ट्या वाढवू? उद्या फोनवर आधी हे सांग, मग जेवलीस का विचार.

तुमची,
पिंकी