संख्याशास्त्राच्या मॅडमना, मनापासून

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

दुसऱ्या वर्षापर्यंत संख्याशास्त्रात मी काठावर पास होत होते. ‘जरा मनावर घे’ हे तर येताजाता कानावर पडायचं. तुम्ही ते कधीच म्हणाला नाहीत. एका चाचणीचा पेपर परत देताना गुणांच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलंत, ‘विचरण काढताना एकूण संख्येतून एक वजा करून भागलंस, बरोबर. पण एकच वजा का? शोधून उद्या मला सांग.’

परीक्षेत हे कुणी विचारणार नव्हतं, तरी रात्री मी तेच शोधत बसले. विचरण म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत त्याचं माप. सरासरी त्याच नमुन्यातून काढलेली असते, म्हणून ते थोडं कमी भरतं. ती कसर एक वजा करून भरून निघते. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझं सगळं शांतपणे ऐकलंत आणि पुढचा प्रश्न विचारलात. हा विषय आपल्याला कळू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुढे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ सालच्या प्रयोगाबद्दल वाचलं. कॉलेजच्या काही मुलांना कोडी सोडवण्याचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात कोडी घेऊन बसणं त्यांनी कमी केलं. डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते आतली ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात: स्वतः निवडायची मोकळीक, जमतंय ही जाणीव आणि माणसांशी जोडलेपण. वाचताना मला तुमचा वर्ग आठवत होता. प्रकल्पाचा विषय तुम्ही आम्हालाच निवडू दिला होतात, म्हणून तर मी ग्रंथालयात पुस्तकं उशिरा परत येण्याची आकडेवारी हौसेने गोळा केली.

गुण वाढले ते नंतर. आधी सवयी बदलल्या. गणित अडलं की पुस्तकामागचं उत्तर बघणं सुटलं, वर्गात हात वर करून विचारायला लागले.

नुसत्या ओढीने सगळं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. नोकरी करून शिकणाऱ्याला आधी वेळ हवा. हे तुम्ही ओळखलंत आणि कामावरून थेट येणाऱ्या आमच्या एका वर्गमित्रासाठी शंकांचा तास संध्याकाळी ठेवलात. त्याबद्दल वर्गात कधी बोललाही नाहीत. त्याचेही आभार मलाच मानू द्या.

तो आता विमा कंपनीत आकडेमोडीचंच काम करतो. त्याने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

तुमची विद्यार्थिनी